कन्नडच्या कपाटातलं पुस्तक

नांदेडच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत मला सव्वीस वर्षं झाली. शिपाई म्हणून लागले, अजून शिपाईच हाय. पण कुठलं पुस्तक कुठं दडवलंय ते मला विचारा! पोरं लई बेरकी. एकच प्रत असली की परीक्षेच्या तोंडावर कुणीतरी ती भलत्याच कपाटात कोंबतं, दुसऱ्याला घावू नये म्हणून.

त्या शुक्रवारी अश्वजित चौथ्यांदा माझ्या टेबलाशी आला. होस्टेलचा पोरगा, एमएस्सी फिजिक्सचा. "मावशी, मंगळवारी पेपर हाय. पुस्तक मिळंना, नेटवर पान उघडंना." कसं उघडंल? पोरं दोनशे, आन् नेट माझ्या टेबलाच्या पुढं सरकत न्हाई.

मी पदर खोचला आन् शोधाया लागले. पुस्तक घावलं कन्नडच्या कपाटात. मी उदगीरची, कन्नड मुलखाच्या शिवंवरची, म्हणून तिकडं कधीमधी जाते. बाकी कुणी फिरकत न्हाई. मी तिथंच दबा धरून बसले. अकरा वाजता एक पोरगी धापा टाकत आली आन् थेट त्याच कपाटात हात घातला.

"काय गं, कन्नड शिकून राहिलीस का?"

ती रडायलाच लागली. लुंबिनी तिचं नाव. "मावशी, इस्लापूरहून यायला अकरा वाजतात. तोवर पुस्तक कुणीतरी घेऊन बसलेलं असतं. गावात रेंज न्हाई. मागच्या साली ह्याच पेपरात गेले. आता गेले तर शिकणं बंद, असं बाबा म्हणलेत."

माझा पारा चढलेलाच होता. अश्वजितला हाक मारून दोघांनाही मी ग्रंथपाल मल्लिनाथ सरांसमोर उभं केलं. "सर, एकच प्रत! दुसरी का घेत न्हाईत तुम्ही?"

सरांनी मागणीची वही मागवून उघडली. "शिवकन्याबाई, पुस्तक मिळालं नाही की मुलांनी इथं लिहायचं असतं. त्यावरून समिती खरेदी करते. या पुस्तकाची चार वर्षांत एकही मागणी नाही. नेटची तक्रारसुद्धा नाही."

वही माझ्याच टेबलावर असते की! कुणी मागितली तर मीच खेकसायची, "लिहून काय पुस्तक उगवणार हाय का? व्हा पुढं!" पोरीनं पुस्तक चार दिवस दडवलं, मी चार वर्षं. लाज वाटली मला, लई लाज वाटली.

ती प्रत पोरांना घरी नेता येत न्हाई, इथल्या नोकरीतल्या माणसाला येते. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या नावावर पुस्तक घेतलं. दिवसा अश्वजितनं वाचायचं, सांजच्याला लुंबिनीनं, माझ्या घरी राहून. अश्वजित लगेच हाव म्हणला. लुंबिनी मात्र माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं बघत राहिली.

"मावशी, आम्ही बौद्ध. तुमच्या घरी... मी चालंल का?"

असा राग आला मला! तिचा न्हाई, तिला हे विचारावं लागलं त्याचा. "हे लिंग काय माणसं निवडाया बांधलंय व्हय? गुमान चल. ज्वारीची भाकरी खातीस ना?"

चार दिवस ती चुलत्याच्या घरी आल्यागत राहिली. मी भाकरी थापायची, ती मोठ्यानं पाठ करायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती अडखळली की मी म्हणायची, "परत म्हण." मंगळवारी दोघंही पेपर देऊन आली.

मग मी वही उघडून टेबलाशी बसले. जो येईल त्याला दम दिला, लिही आधी. एकसष्ट जणांनी लिहिलं, पुस्तकाचंबी आन् नेटचंबी. जूनमध्ये दहा प्रती आल्या, नेट वरच्या मजल्यापर्यंत पोचलं.

निकालादिवशी लुंबिनीचा फोन आला. पास झाली होती. मला रडू आलं, ते तिला कळू नये म्हणून मी फटकळपणेच बोलले, "बरं झालं बाई. आता पुस्तकं हायत, नेट हाय. माझ्या घरी यायचं तुला काही कारण न्हाई."

ती म्हणाली, "मग बिनकारणाचं यिऊ का, मावशी?"