पांगाऱ्याची पट्टी

यशूचा डावा पाय जन्मापासूनच आत वळलेला होता. इंदूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हाडं कोवळी आहेत तोवर पाय सरळ धरून लाकडी पट्टीला बांधा. पोर चालायला लागलं की मग काही खरं नाही. तेव्हापासून त्याच्या आईची, विनोदिनीची नजर त्या इवल्या टाचेवरून हलत नव्हती.

सागाच्या पट्टीचं ओझं पोराला पेलेना. पांगाऱ्याची हलकी केली, ती यशूनं लाथा झाडून मोडली. मग विनोदिनी देवासच्या शालिग्राम मिस्त्रींकडे गेली. सरकारी बग्ग्यांच्या कमानी वाफेवर वाकवण्यात त्यांची हयात गेली होती. पुण्याच्या कॉलेजात असताना तिनं लाकडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, तिनं सांगितलं. पांगाऱ्याच्या नळ्या रुंद, भिंती पातळ. वाफेनं भिंती मऊ पडतील, दाबलं की नळ्या चपट्या बसतील, आतली पोकळी जाईल आणि पट्टी पातळ असूनही कणखर होईल.

"हाओ, वहिनीसाब," मिस्त्री हसले. "म्हणजे फुगलेली पोळी दाबून चपटी करायची. आमच्या घरी रोज होते."

फळी हंड्यावर वाफवून, पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर ठेवून त्यांनी वरून दाबाचा शिकंजा आवळला. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडायची, शिकंजाही रिकामा हवा. मिस्त्री म्हणाले, दसरा झाला की पुन्हा लावू. विनोदिनीला मात्र दसऱ्याच्या मुहूर्तावर पट्टी पायात हवी होती. फळी अजून कोमट होती, तरी तिनंच शिकंजा सोडवायला लावला. पट्टी दिसायला सुरेख झाली होती. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, पट्टीला हळदकुंकू लावलं.

तान्हं पोर ते, त्यानं पट्टी भिजवायचीच. दोन-चार वेळा भिजल्यावर ती भिजत घातलेल्या डाळीसारखी फुगली, ठोकळ्याचा बाक गेला आणि बंद पोटरीत रुतले. लाल वळ पाहून विनोदिनीचा जीव अर्धा झाला. पट्टी पदराखाली घेऊन ती पुन्हा मिस्त्रींच्या दारात उभी राहिली.

"चूक सणाची नाही, घाईची," पट्टी उलटीसुलटी करत ते म्हणाले. "थोडी तुमची, थोडी माझी."

"भिंती दबल्या होत्या, मिस्त्री, पण तशाच राहायचं त्यांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. पाणी मिळालं आणि नळ्या परत उघडल्या."

फळी दाबलेली असतानाच तिला पुन्हा वाफ दिली तर, विनोदिनीनं विचारलं. मिस्त्रींनी डोकं खाजवलं आणि नव्या फळीसकट अख्खा शिकंजाच हंड्यावर चढवला. भरपूर वाफ दिल्यावर तो तसाच आवळलेला गार होऊ दिला, वाळू दिला. रोज डोकावणाऱ्या विनोदिनीला ते दारातूनच परतवत. शिकंज्याला दृष्ट लागते, म्हणत.

नवी पट्टी तिनं आधी पाण्याच्या घंगाळात बुडवून ठेवली. दोऱ्यानं जाडी मोजली, पुन्हा बुडवली, पुन्हा मोजली. फरक पडला असेल तर दोऱ्याला कळण्याइतका नव्हता. वर मेणाचा हात देऊन, मऊ फडकं गुंडाळून तिनं यशूचा पाय बांधला.

पोरानं घर डोक्यावर घेतलं.

"सैल कर गं," माई कळवळल्या. "रडून निळं होईल लेकरू."

विनोदिनीचा हात गाठीशी गेलाही. तिनं बंदाखाली बोट सरकवून पाहिलं, सहज गेलं. यशूच्या पायाची बोटं गुलाबी होती, ऊबदार होती. दुखत नव्हतं, राग आला होता. तिनं गाठ तशीच ठेवली आणि त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घालू लागली. तिच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोड्या वेळानं माईंनी हात पुढे केले, "दे इकडे. तू दमलीस."

रोज सकाळी न्हाऊ घालताना पट्टी सुटायची आणि पाऊल लगेच आत वळायचं. दिवाळीही गेली, थंडी पडू लागली. एका सकाळी विनोदिनीनं पट्टी सोडली, ऊन पाण्याचा तांब्या ओतला, तरी पाऊल सरळच राहिलं. पंचा घेऊन आलेल्या माई जागीच थबकल्या. यशू पाण्यावर थापट्या मारत होता. मग सावकाश, जणू आठवल्यासारखा, अंगठा आत झुकू लागला.

"वळला गं," माई हळूच म्हणाल्या.

"हो. पण आज उशिरानं वळला, माई," विनोदिनी म्हणाली आणि त्या ओल्या टाचेवर ओठ टेकून तिनं पट्टीकडे हात नेला.