ड्युटीवर बसायचे नाही!

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी स्टूल आहे. माझा रंग उडाला आहे, एक पाय आखूड आहे, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. इतवारीच्या एका लोहाराने मला घडवले आणि नागपूरच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, माझी नेमणूक झाली. नातेवाइकांनी माझ्यावर बसावे, नर्सने बसू नये, असा तिथे नियम होता. असला बावळट नियम मी दुसरा पाहिला नाही.

१९७४ साली उमरेडच्या विणकर घरातली सतरा वर्षांची प्रेमिला तिथे आली. 'मुलगी जाड आहे' म्हणून दोन स्थळांनी तिला नाकारले होते. मग तिने सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. घरच्यांना कौतुक वाटले. शेजारणी तर तिच्या पाया पडू लागल्या! पोर देवासाठी नव्हे, भीतीपोटी उपाशी आहे, हे ती मागाजवळ चक्कर येऊन पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात आले नाही.

तिची आई पंचफुलाबाई खाटेशी उभी राहून घास मोजायची.

"खाय नं वं, एवढंसं तर हाय!"

प्रेमिला भाकर गादीखाली लपवायची. मला भारी राग यायचा, पण स्टुलाचे ऐकतो कोण?

एकदा चादर बदलताना गोपिका सिस्टरला ते तुकडे सापडले. तिने डॉक्टरांना सांगितले, पण चारचौघांत बोभाटा केला नाही. दुपारी तिने मला ओढले, प्रेमिलासमोर बसली आणि स्वतःचा डबा उघडला.

"तुले खाऊ घालाले नाई आली मी. मले भूक लागली."

वजनाचा विषय नाही, रूपाचा नाही. ती लुगड्याच्या किनारीचे विचारत राहिली. प्रेमिलाने चार घास खाल्ले आणि रडू लागली.

"जेवलं की आतून कोणी वरडते, सिस्टर."

"वरडू दे. मी बसली हाय ना इथं."

जेवणानंतरही अर्धा तास गोपिका हलायची नाही, कारण प्रेमिलाला भीती तेव्हाच जास्त वाटायची. पंचफुलाबाईला तिने बजावले, "घास मोजू नका, आन् 'अंगानं भरली' असं म्हनू नका."

महिन्याभरात प्रेमिला चालू लागली. तेवढ्यात सगळ्या नर्सच्या वरिष्ठ असलेल्या मेट्रनबाईंनी गोपिकाला माझ्यावर बसलेली पाहिले.

"ड्युटीवर बसायचे नाही!"

"बसणं हेच माझं काम हाय, बाई," गोपिका म्हणाली.

तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली आणि माझी व्हरांड्यात. तीन दिवस प्रेमिलाची थाळी जशीच्या तशी परत गेली. चौथ्या दिवशी मेट्रनबाई स्वतः तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"खा!"

प्रेमिला उठली. भिंत धरत व्हरांड्यात आली आणि मला खडखड फरफटत आत घेऊन गेली.

"तुम्ही बसा. मंग मी खाईन."

मेट्रनबाईंनी तिच्या थाळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग बसल्या. अर्धी भाकर संपायला पाऊण तास लागला, पण त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी गोपिका सिस्टर आमच्या वॉर्डात परत आली.

प्रेमिला घरी गेली. पुढच्या वर्षी एकदा परत आली, सावरली, पुन्हा गेली. हा आजार एका दमात जात नाही.

आता मला भंगारात काढणार म्हणे. खुशाल काढा! पण मित्रांनो, घरात कुणी ताट बाजूला सारले, तर त्याच्या डोक्यावर उभे राहून घास मोजू नका. हाताला लागेल ते ओढा आणि त्याच्यापाशी बसा. आणि कुणी उठवायला आले, तर उठू नका.