एक जूनची थोर माणसं

अख्खं नाशिक पालथं घाला, आमच्या गल्लीइतकी थोर माणसं कुठे सापडायची नाहीत. आणि सगळी जूनची. बद्रुद्दीनभाई कल्हईवाले घ्या. त्यांनी कल्हई केलेल्या पातेल्यात चंद्र आपला डाग बघायला उतरतो. सुलाबाईंचा पापड एकदा वाऱ्यावर सुटला, तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीवरून भाजूनच परत आला. आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष शरच्चंद्र गायधनी शिंकले की पंचवटीतली घड्याळं पुढे पळतात.

सगळ्यांचा वाढदिवस एक जून. त्या काळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. हेडमास्तर सरसकट एक जून टाकून मोकळे. मीही त्यातलाच, म्हणून थोर.

दरवर्षी चौकात आमचा फ्लेक्स लागतो. यंदा त्यासाठी फोटो निवडत बसलो होतो, तोच फुलवाल्या नवसाबाई पाटी उतरवून समोर उभ्या राहिल्या.

“मला बी बसवा बोर्डावर.”

शरच्चंद्ररावांनी चष्मा वर केला. “बाई, हा मान जूनवाल्यांचा. तुमच्या आधारवर तर एक जानेवारी आहे.”

“ती कॅम्पातल्या पोरानं टाकली. मी शाळंत गेलेच नाय, मला जून कोन देनार? पन मेल्यावर माझा फोटो लावालच ना? मंग जित्तेपनी लावा की! लय वाटतं हो, एकदा कुनी मान वर करून माझं तोंड बघावं.”

“नियम म्हणजे नियम. उद्या डिसेंबरवाले येतील.”

सुलाबाई फिसकन हसल्या. “शरदभाऊ, तुम्ही तर कोजागिरीचे! तुमच्या मातोश्री मसाला दूध पिताना दरवर्षी सांगायच्या.”

“कागदावर जून आहे!” अध्यक्ष लाल झाले.

बद्रुद्दीनभाईंनी हळूच विचारलं, “बाई, अम्मीनं काही तरी सांगितलं असेल ना?”

“येवढंच, की तू धोंड्यात झालीस. आजीनं जावयासाठी पुरनाचे धोंडे उकडाया ठेवले, ते चुलीवरच राह्यले अन् मी आले.”

धोंडा म्हणजे अधिक महिना. तीनेक वर्षांनी एकदा उगवणार, तोही दर खेपेला वेगळ्याच महिन्याच्या पाठीवर बसून.

बद्रुद्दीनभाईंनी मांडीवर थाप मारली. “हा तर आमच्या रमजानचा भाऊ! मी रमजानचा. कधी थंडीत येतो, कधी उन्हात. शरदभाऊ, यंदा धोंडा कधी?”

शरच्चंद्ररावांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अधिक ज्येष्ठ, आणि एक जून बरोब्बर त्याच्या पोटात.

“म्हणजे,” सुलाबाई म्हणाल्या, “आपल्यात यंदा खरा जूनचा वाढदिवस कुणाचा असेल, तर यांचाच.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. “नवसाबाई, फोटो आहे का?”

“नाय. काढा की आत्ता. थांबा, पदर नीट करू द्या.”

फ्लेक्स लागला त्या सकाळी पेठ तालुक्यातून नवसाबाईंच्या गावच्या बायका जीप भरून उतरल्या. माना वर करून नवसाबाईंना बघून झालं, मग अध्यक्षांना गराडा. “आमचा बी महिना काढा!” एक नागलीच्या लावणीतली, एक होळीच्या रातची, एक गावात बिबट्या शिरला त्या दिवसाची. शरच्चंद्रराव कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले, ते अजून उठलेले नाहीत. फ्लेक्सवाला म्हणतो, पुढच्या वर्षी बोर्डाचं एक टोक चौकात बांधू, दुसरं मात्र अंबडला न्यावं लागेल.