चौदा तारखेची हजेरी

मी एक जुनं थंब मशीन आहे, वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवरचं. कामगारानं अंगठा ठेवायचा, मी हिरवा दिवा लावून "थँक्यू" म्हणायचं, एवढंच माझं काम. मित्रांनो, नऊ वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. पण आज मी गोडगोड बोलणार नाही. माझ्या पोटात राग आहे.

यमुनाबाई पॅकिंगला होती. पुठ्ठे ओढून ओढून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. ती पदराला अंगठा पुसायची, फुंकर घालायची आणि म्हणायची, "घे की रं बाबा, लेट लावतेत मला." चौथ्या-पाचव्या खेपेला मला तिची ओळख पटायची. तरी तिनं मला कधी चापट मारली नाही.

मग मंदार साहेब नवे मॅनेजर म्हणून आले. "चेहरा ओळखणारं मशीन येणार आहे, नोंदणीला सही लागते," असं सांगून त्यांनी माझ्याच खाली टेबल मांडलं आणि चाळीस जणांच्या कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. पुढच्या आठवड्यात त्या चाळीस जणांना गेट बंद! कागदांवर वरच्या बाजूला छापून आलं होतं, 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.'

यातली मेख ऐका. नोकरी गेलेल्या कामगाराला विमा योजनेतून तीन महिने भत्ता मिळतो. पण ज्यानं नोकरी स्वतःहून सोडली, त्याला छदामही नाही. यमुनाबाईचा नवरा लक्ष्मण लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. त्याची औषधं आणि दोघांची भाकरी आता त्या भत्त्यावरच अवलंबून होती.

विम्याच्या ऑफिसातल्या अधिकाऱ्यानं तिला कागद दाखवला. "बाई, सही तुमचीच ना?"

"व्हय, पण..."

"मग नियमात बसत नाही."

आणि मला? मला भिंतीवरून उचकटून भंगारात दिलं. मुक्या मशीनची कसली भीती, असं मंदार साहेबांना वाटलं असणार. पण इब्राहीमभाईचा भंगारचा टेम्पो भरताना यमुनाबाईनं गेटबाहेरून पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या दुकानात हजर.

"भाई, ते थंबचं मशीन फोडलं का?"

"मौसी, अभी खोलनेवालाच था. काय करता त्याचं?"

"त्याच्यात आमची हजेरी हाय. राजीनाम्यावर चौदा तारीख टाकली त्यानं. चौदाला शुक्रवार व्हता, कारखान्याची सुट्टी. लई शहाणा, पर नवा माणूस. जुन्या सवयीनं त्याला वाटलं, सुट्टी रविवारचीच आसती."

इब्राहीमभाईनं हातातला पाना खाली ठेवला आणि मला फडक्यात बांधून तिच्या हवाली केलं.

यमुनाबाईनं पुन्हा अर्ज केला, सोबत मंदार साहेबांविरुद्ध तक्रारही जोडली. सुनावणीला मंदार साहेब छाती काढून बोलले, "चौदाला जादा पाळी होती. सगळे आले, माझ्यासमोर राजीनामे दिले."

अधिकाऱ्यानं मला वीज जोडायला लावली. अहाहा, काय बरं वाटलं! त्यांनी चौदा तारीख काढली. एकही अंगठा नाही. मंदार साहेबांचासुद्धा नाही. पंधराला मात्र चाळीसच्या चाळीस हजर.

"राजीनामा दिलेली माणसं दुसऱ्या दिवशी कामाला कशी आली?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मंदार साहेब नुसती फाईल चाळू लागले. मला त्यांची जराही दया आली नाही. उलट वाटलं, अजून विचारा, अजून विचारा!

यमुनाबाईचा भत्ता मंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात मंदार साहेब तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "मावशी, तक्रार मागं घ्या. माझी नोकरी जाईल हो."

"जाऊ द्या की," यमुनाबाई म्हणाली. "फकस्त सोताहून सोडली आसं लिहून देऊ नका."

मित्रांनो, आता पुरावा म्हणून मला त्या ऑफिसच्या कपाटात ठेवलं आहे. माझी एवढीच विनंती आहे. मला ओल लागू देऊ नका, धूळ पुसत जा, वायर उंदरांपासून जपा. अजून एकोणचाळीस जणांची सुनावणी बाकी आहे.