हिरवी पलटण

सिस्टरच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. खिडकीजवळच्या टेबलावर, एरवी रुमालाने झाकलेल्या लाकडी ट्रेमध्ये, चाळीस शिपाई चार रांगांत उभे होते. एकेक जण बोटाच्या पेराएवढा, खांद्याला बंदूक, डोक्यावर तिकोनी टोपी. आणि चाळीसच्या चाळीस जणांचे कोट हिरवे होते.

त्यांनी चष्मा पदराने पुसला. पडदा पूर्ण सरकवला. उजेडात हिरवा आणखीच हिरवा दिसला.

तीस वर्षं या घरात एक गोष्ट पक्की होती. निळे कोट म्हणजे घरचे आणि हिरवे कोट म्हणजे यजमानांच्या मित्राचे, कंपाउंडरचे. दर रविवारी दुपारी तीनला, दोन ट्रंकांवर एक जुनं दार आडवं टाकून, त्यावर करडी चादर अंथरून निळे आणि हिरवे एकमेकांना भिडायचे. चादरीखाली पुस्तकं सरकवली की डोंगर व्हायचे आणि जुनी रिबीन टाकली की नदी. कुठल्याशा दोन राजांमधलं अडीचशे वर्षांपूर्वीचं युद्ध. कुठल्या पलटणीची कॉलर पिवळी आणि कुठलीची पांढरी, हे त्या दोघा मित्रांना तोंडपाठ होतं. पट्टीने मोजून सहा इंच पुढे सरकायचं, फासे टाकायचे, कुणी पडलं की उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं. त्या डब्याला ‘मसणवटा’ म्हणायचे, तेव्हा सिस्टर एकदा कडाडल्या होत्या. “माझ्या घरात रविवारी कुणी मरायचं नाही. आठवडाभर तेच बघते मी.” त्या दिवसापासून डब्याचं नाव पडलं वॉर्ड नंबर चार. हा सिस्टरचा हॉस्पिटलातला वॉर्ड. खेळ संपला की सगळ्यांना डिस्चार्ज.

सिस्टरचे यजमान पाणीपुरवठा कचेरीत ड्राफ्ट्समन होते. शहरातली जमिनीखालची प्रत्येक पाइपलाइन त्यांच्या हातून कागदावर उतरलेली. कंपाउंडरनी त्यांना ‘सेनापती’ म्हणायला सुरुवात केली ती थट्टेने. पुढे गल्लीत, दुकानात, टपाल देणाऱ्याच्याही तोंडी तेच नाव बसलं. सेनापती चेष्टेवर चिडत नसत. फक्त एका गोष्टीवर चिडत. कुणी रंग चुकवला की. एकदा कंपाउंडरनी एका ढोलवाल्याची बाही चुकून तांबडी केली होती, तर त्या बिचाऱ्याला सेनापतींनी चार महिने मैदानात उतरू दिलं नव्हतं.

आणि आज त्याच माणसाने स्वतःची आख्खी पलटण शत्रूच्या रंगात रंगवून ठेवली होती.

सिस्टर खुर्चीवर टेकल्या. त्यांना नऊ दिवसांपूर्वीचा तो कागद आठवला. धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात निघालेला, घडी घालून घालून मऊ झालेला. डोळ्यांच्या दवाखान्याचा. चौतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला तो दोनदा वाचायची गरज नव्हती. दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजत चालले होते. कडेचं दिसत राहील, पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धुकं. रंग विटत जातील. उपाय फारसा नाही.

त्यांनी कागद तसाच खिशात घालून सदरा खुंटीला टांगला होता. नवऱ्याने सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. आजार तोंडाने बोलून दाखवला नाही तोवरच काही माणसं ताठ उभी असतात, हे त्यांनी वॉर्डात पुष्कळ पाहिलं होतं. पण आता एकेक उलगडत होतं. ही चाळीस माणसं रंगवायला सेनापतींना अकरा महिने का लागले. रंगवताना मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तसं ते कडेने का बघायचे. आणि सकाळी वाचनालयात जाताना कुंपणाच्या गजांना हात लावत, ओठ हलवत का चालायचे. वरून खिडकीतून सिस्टरनी पाहिलं होतं, ते पावलं मोजत होते.

दुपारी चहा देताना त्यांनी खडा टाकून पाहिला.

“झाली का हो तुमची पलटण?”

“झाली. वार्निशही मारलं. रविवारपर्यंत हात लावू नकोस, पिकू दे जरा.”

“मी कशाला लावते तुमच्या लष्कराला हात? रंग बरा आलाय ना?”

सेनापतींनी कप खाली ठेवला. बशीच्या काठावर आपटला तो, मग जागेवर बसला. “का? पाहिलीस तू?”

“नाही बाई. सहज विचारलं.”

“चांगला आलाय,” ते म्हणाले आणि हसले. फार दिवसांनी हसले. “रविवारी बघच. पुडीवाल्याचं तोंड बघण्यासारखं होणार आहे.”

कंपाउंडरचं तोंड कसं होईल ते सिस्टरना इथूनच दिसत होतं. ते मनाने वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. ‘सेनापती, फितूर झालात की काय!’ असं म्हणून खो खो हसले असते, आणि एका क्षणात नवऱ्याला कळून चुकलं असतं की आपला हात गेला, आपल्याला निळं-हिरवं कळेनासं झालं. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे उरलं होतं काय? तेवढा हातच तर उरला होता.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेल्यावर सिस्टरनी दाराला कडी घातली.

तीस वर्षांत त्यांनी ब्रश धुऊन दिले होते, पण कधी चालवला नव्हता. रंगांच्या छोट्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. त्यांच्या मानेला रबरबँड गुंडाळलेले दिसले, कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. झाकणं घट्ट राहावीत म्हणून असेल, असं म्हणून सिस्टरनी निळी बाटली शोधली आणि पहिला शिपाई हातात घेतला.

हिरवा इतका नीट बसला होता की ब्रश टेकवताना त्या अडखळल्या. कॉलरच्या कडेला एक रेघ बाहेर नव्हती. छातीवर आठ बटणं, सुईच्या अग्राएवढी, एकेक वेगळं. हे आंधळेपणी केलेलं? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्यांनी निळा लावला.

पहिल्याचा पार चिखल झाला. दुसऱ्याचाही. पण तान्ह्या बाळाची शीर पहिल्या टोचणीला पकडणारा हात होता तो. दहाव्या शिपायापर्यंत वळणावर आला. काम करता करता त्यांना एक नवल कळलं. चाळीस जणांचे चेहरे चाळीस तऱ्हेचे होते. एक जण घाबरलेला होता, एकाला झोप आलेली होती, एक गालातल्या गालात हसत होता. तीस वर्षं या माणसांवरची धूळ झटकली, आणि तोंडाकडे कधी पाहिलं नाही. आपण रात्रपाळीला जायचो तेव्हा हा माणूस एकटा बसून यांच्याशी काय बोलत असेल?

तीन सकाळी गेल्या. शुक्रवारी बाराला शेवटचा कोट निळा झाला. चाळीसही जण पुन्हा चार रांगांत उभे राहिले, वर रुमाल पडला. नखात अडकलेला निळा रंग मात्र घासून घासून निघाला नाही.

रविवारी तीनच्या ठोक्याला कंपाउंडर पत्र्याची ट्रंक घेऊन जिना चढून आले. पूर्वी ते सिस्टरच्याच हॉस्पिटलात औषधं द्यायचे.

“काय सेनापती, मरायची तयारी झाली?”

“आधी चपला काढ, पुडीवाल्या. चादरीवर माती नको.”

“सिस्टर, याचं बीपी बघून ठेवा हो. हरल्यावर माझ्या माथी नको.”

“तुम्ही जिंकलात कधी?” सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा काढायला त्यांना बळ लागलं.

“तेही खरंच.” कंपाउंडर हिरवे शिपाई मांडू लागले. सेनापती खुर्चीत बसून होते. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “ड्रॅगन आणलायस?”

कंपाउंडरचा हात थांबला. बारा वर्षांपूर्वी त्यांनी टपालाने एक पंखवाला ड्रॅगन मागवला होता, मोठ्या हौसेने जांभळा रंगवला होता. ‘इतिहासात ड्रॅगन नव्हते,’ एवढं म्हणून सेनापतींनी त्याला ट्रंकेबाहेर पाय ठेवू दिला नव्हता.

“ट्रंकेतच असतो तो. का?”

“आज उतरव.”

“बरा आहेस ना रे?”

“उतरव म्हटलं ना. आणि हे घे.” सेनापती उठले. टेबलापाशी जाऊन त्यांनी रुमालाखालचा ट्रे दोन्ही हातांनी उचलला, चार पावलं मोजल्यासारखी टाकली, आणि तो स्वतःच्या बाजूला नाही, कंपाउंडरच्या बाजूला ठेवला.

“तुझी डावी बगल पहिल्यापासून लंगडी. दर वेळी तिथूनच मार खातोस. जिंकून जिंकून कंटाळलो मी. तुला एक पलटण कमी होती, ती केली. चाळीस जण. तुझ्याच हिरव्या रंगाचे.” त्यांनी रुमाल ओढला. “माझ्या हातची शेवटची. यापुढे करीन असं वाटत नाही.”

ट्रेमध्ये चाळीस निळे शिपाई उभे होते.

सिस्टरनी दाराची चौकट धरली. सेनापती चुकले नव्हते. त्यांनी मुद्दाम हिरवे केले होते, अकरा महिने, बोटांच्या अंदाजाने. ते देणं आपण तीन सकाळींत पुसून टाकलं.

कंपाउंडरनी निळ्या कोटांकडे पाहिलं. सेनापतींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा ट्रेकडे नव्हता, ट्रेच्या थोडा बाजूला होता. मग त्यांची नजर चौकटीवरच्या बोटांवर गेली, बोटांच्या नखांवर थांबली. जन्मभर डॉक्टरांचं अक्षर वाचलेल्या माणसाला हे वाचायला वेळ लागला नाही.

“वा!” ते म्हणाले. मग घसा साफ केला. “काय हिरवा लावलायस रे! कोवळ्या पानासारखा.”

“जमलाय ना?”

“जमलाय म्हणजे? माझे जुने याच्यापुढे शेवाळ वाटतात.”

आणि लढाई सुरू झाली. ड्रॅगन दुसऱ्याच फेरीत पडला आणि वॉर्डात भरती झाला. “म्हणून नव्हते इतिहासात,” सेनापती म्हणाले, आणि तिघंही हसले. कंपाउंडर डाव्या बगलेला निळ्यांवर निळे घालत होते, पण एकदाही गोंधळले नाहीत. सेनापती फासे टाकायचे आणि खळग्यांवरून अंगठा फिरवून आकडा सांगायचे. नव्या पलटणीने नदी रोखून धरली. पाचव्या फेरीला तिचा पहिला माणूस पडला.

“मी ठेवतो त्याला,” म्हणून सेनापतींनी शिपाई उचलला. सवयीने अंगठा त्याच्या छातीवरून गेला आणि तिथेच थांबला.

आठ बटणं लागायला हवी होती तिथे. अंगठा पुन्हा वरून खाली आला. मग नख बाहीवर हलकेच ओढलं गेलं.

कंपाउंडर पट्टीकडे बघत राहिले.

सेनापतींनी शिपाई डब्यात न टाकता मुठीत ठेवला. “डाव कुणाचा?”

“तुझा,” कंपाउंडर म्हणाले.

त्या दुपारी हिरवे जिंकले. जाताना जिन्यात कंपाउंडर ट्रंक खाली ठेवून थांबले.

“सिस्टर, सहा महिने झाले. तो फासे बोटाने वाचतो. मी काही बोललो नाही.”

“मीही नाही. मी काय करून बसले हो!”

“आता ती माझी पलटण आहे. निळी तर निळी.” त्यांनी ट्रंक उचलली. “पण परत हात लावू नका हं त्यांना.”

सिस्टर वर आल्या तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. सेनापती टेबलाशी बसून बाटल्या चाचपत होते.

“एक रबर निळा,” ते म्हणाले. “दोन हिरवा. तीन तांबडा. सांगायला हवं होतं तुला.”

“अहो, मला वाटलं तुम्ही...”

“ठाऊक आहे काय वाटलं ते.” त्यांनी एक बाटली ओळीत परत ठेवली. “रंग असा बाटलीतून थेट नसतो लावायचा. पाणी घालून पातळ करायचा. बटणं बुजली बघ.”

त्यांनी मूठ उघडली. डिस्चार्ज न मिळालेला एक शिपाई तळहातावर आडवा होता. पहिल्या सकाळचा, चिखल झालेला.

“याला करू या पुन्हा हिरवा. याच्यावर शीक.”

सिस्टर शेजारी बसल्या. दोन रबरवाली बाटली उघडून एक थेंब बशीत घेतला, वर पाणी घातलं. “एवढं?”

“दुधासारखं व्हायला हवं. झालं?”

“अजून नाही,” त्या म्हणाल्या. आणखी थेंब घातला. “आता झालं.”

सेनापतींनी शिपाई बुडाशी दोन बोटांत धरून पुढे केला. हात जराही हलत नव्हता, फक्त उजेडापासून बाजूला गेला होता. सिस्टरनी त्यांचं मनगट धरलं, नाडी बघायला धरतात तसं, आणि हलकेच खिडकीकडे वळवलं.