पट्टीखालची ओळ

तिने पट्टी एक ओळ खाली सरकवली आणि टाइप केलं, ‘कापडी सशाचा डावा कान तिने चोखून चोखून पातळ केला.’ पूर्णविराम देऊन मान वळवली. चटईवर तिची अकरा महिन्यांची ठकी बसली होती. तोंडात कापडी सशाचा कान. डावा.

वही एका कवयित्रीची होती. बाई गेल्या वर्षी वारल्या. चाळीसेक वर्षांपूर्वी, मुलगी तान्ही असताना लिहिलेल्या त्यांच्या या कविता मुलीला आता छापून हव्या होत्या. छापखान्याच्या काकांनी वही टाइप करायला हिच्याकडे पाठवली, कारण हिच्या कामात चुका नसतात. नसतात, कारण ती वाचतच नाही. पानावर लाकडी पट्टी ठेवायची, एका वेळी एकच ओळ उघडी. अर्थ लागला की नजर पुढे पळते आणि बोटं चुकतात, असं तिचं म्हणणं.

या वहीने मात्र तिला वाचायला लावलं. भाजी चिरताना ओळी आपोआप ओठांवर यायच्या, आणि त्या ऐकून ठकी टाळ्या पिटायची. कॉलेजात तिला किती कविता पाठ होत्या! ठकी झाल्यापासून औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांखेरीज तिने काही मोठ्याने वाचलं नव्हतं. आता चाल सापडावी म्हणून ती एकच ओळ चार-चार वेळा म्हणून बघायची. कांदा करपायचा.

पण ओळींत भलतंच काही येत होतं, हिच्याच घरातलं. दोनदा कुरकुरणारं स्वयंपाकघराचं दार. झोपेत मुठीत दुमडलेला अंगठा. आणि आता ससा.

“अगं, सगळी पोरं सशाचे कानच चोखतात,” नवरा म्हणाला. “शेपूट पुरत नाही ना.”

“डावाच?”

“दोनच तर असतात.” त्याने तिच्यापुढचा गार झालेला चहा उचलला. “झोप जरा. डोळे बघ कसे झालेत.”

दुसऱ्या दिवशी एकोणचाळिसावी कविता टाइप झाली. दोनच ओळींची. ‘ती खिडकीशी गेली. मला वळायला क्षणभर उशीर झाला.’

तिने कीबोर्ड बाजूला सारला. पुढचं पान न बघताच तिने पट्टी आत घातली, वही मिटली. मग पलंग खिडकीपासून ओढून लांब केला, कडी लावली, कडीला सुतळी गुंडाळून तीन गाठी मारल्या. तीन दिवस वही कपाटावर पडून राहिली. काकांचे फोन आले, तिने उचलले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी कवयित्रीची मुलगीच दारात उभी राहिली. उंच, केस पिकू लागलेले, जिना चढून धापा टाकणारी, पण धडधाकट. तिला पाहून हिचा इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास सुटला. म्हणजे त्या दिवशी काही झालं नव्हतं तर! ठकीला चटईवर सोडून तिने टाइप केलेले कागद पुढे केले.

पाहुणी चष्मा लावून वाचत राहिली. वाचता वाचता तिची भुवई वर गेली.

“ताई, एक विचारू? लहानपणी तुम्ही... खिडकीतून पडला होतात का?”

“कुठल्या खिडकीतून? आमच्या खोलीला खिडकीच नव्हती. आई भर दुपारी दिवा लावून लिहायची.” तिने कागदावर बोट ठेवलं. “आणि हा ससा कुठून आला? मी उशीच्या अभ्र्याचं टोक चोखायचे. चांगली शाळेत जाईपर्यंत, सांगू नका कुणाला.”

हिने वही काढली. जुनी शाई, स्वच्छ अक्षर. ‘उशीच्या अभ्र्याचं टोक तिने चोखून चोखून पातळ केलं.’ वहीत कुठलं दार कुरकुरत नव्हतं. अंगठाही नव्हता. अडतीस कविता, आणि मग पट्टी. पट्टीखालचं पान कोरं होतं. त्याच्या पुढचंही.

“मी सगळं परत करून देते,” तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “माझ्याकडून कधी चुका होत नाहीत हो.”

“द्या करून. आईचं तेवढं आईला परत द्या.” पाहुणीने शेवटचा कागद वेगळा काढला, ओठ हलवत दोनदा वाचला. “ही मात्र मी नेत नाही. ही तुमची.”

“मी नाही लिहिली.”

“अर्धीच सोडलीत पण. वळल्यावर काय दिसलं?”

ती वळली.

चटई रिकामी होती. ससा खोलीच्या मध्यावर पडला होता. कालपर्यंत खुर्चीचा पाय धरल्याशिवाय उभी न राहणारी ठकी खिडकीपाशी उभी होती, कशालाही न धरता. सुतळीच्या तिन्ही गाठी जागच्या जागी. काचेबाहेर पाहत ती टाळ्या पिटत होती, ओळी ऐकल्यावर पिटायची तशा. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं.

तिने धावत जाऊन ठकीला उचललं, छातीशी घट्ट धरलं. मग मांडीवर पोर घेऊन ती टेबलाशी बसली, पेनचं टोपण दातांनी काढलं आणि वहीतल्या कोऱ्या पानावर पट्टी एक ओळ खाली सरकवली.