अजून जरा गरम

इस्त्रीवाल्याचा उजवा खांदा धरल्याची बातमी सगळ्यात आधी त्याच्या थोरल्या बहिणीला कळली, आणि मग त्या घरात डॉक्टरला शिरायला जागाच उरली नाही. ताईला स्वतःला गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी सगळं होऊन गेलं होतं आणि ते सगळं तिने म्हणे घरच्या घरी पळवून लावलं होतं. पळालेली दुखणी दर थंडीत परत कशी येतात, हे विचारायची मात्र कोणाची छाती नव्हती.

"जाडं मीठ भाज, फडक्यात पुरचुंडी बांध आणि शेक दे," ती भावजयीला म्हणाली. "त्याआधी तेल. तिळाच्या तेलात लसूण पार काळा होईपर्यंत तळायचा. आणि तू रे, नुसता बसू नकोस. भिंतीला बोटं लावून हात वर वर चढवायचा, पाल चढते तसा. खांदा म्हणजे काय, बिजागरीच. तेल घातलं, हलवली, की झालं."

"बिजागरी कुरकुरते, ताई. हा आतून ठणकतोय."

"ठणकतोय ना? मग जिवंत आहे," ताई म्हणाली आणि विषय संपला.

गल्ली त्याला 'कडक' म्हणायची. कपड्यांची घडीही कडक आणि बोलणंही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी, तिच्यामागे जुन्या घोंगड्या अंथरून वर पांढरी चादर ताणलेलं टेबल, आणि टेबलावर जाड बुडाची जड इस्त्री. ताप कमीजास्त करायचं तिचं बटण केव्हाच मोडलं होतं. ते दुरुस्त करायचं त्याने कधी मनावर घेतलं नाही, कारण त्याला त्याची गरज नव्हती. भिंतीवरचा खटका चालू करायचा, तापली की बंद करायचा. तापली की नाही, हे तो हाताची पाठ बुडाजवळ नेऊन सांगायचा. सुती कापडाचा ताप वेगळा, रेशमाचा वेगळा, लोकरीचा वेगळा, आणि त्याचा हात कधी चुकला नव्हता.

त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदा त्याच्या माघारी गिऱ्हाइकाची रेशमी ओढणी जाळली होती. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आजपासून ताप मी बघणार, पाणी तू बघ." तेव्हापासून तसंच चाललं होतं. ती पाणी शिंपडायची, घड्या घालायची, तो दमला की इस्त्रीही फिरवायची; पण इस्त्री तापली का, हे तिने पुन्हा कधी स्वतः पाहिलं नाही. तो "झाली" म्हणाला की झाली. दोघांचे केस पिकले तरी ती त्याच शब्दावर इस्त्री उचलत होती.

अलीकडे मात्र कपड्यांवर पिवळे डाग पडायला लागले होते. आधी एका उशीच्या अभ्र्यावर, मग शाळामास्तरांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर. मास्तर शर्ट घेऊन खिडकीत उभे राहिले तेव्हा कडकने मान खाली घातली, आणि तीच पदर खोचून पुढे झाली.

"विजेचं काही खरं नाही हल्ली, मास्तर. कधी एकदम चढते, कधी बसते. माणसाने करायचं काय?"

मास्तर भला माणूस, मान डोलावून गेले. तिला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. वीज नाहीतर मग दुखणं. ठणका लागला की माणसाचं लक्ष थाऱ्यावर राहत नाही, त्याला कोण काय करणार! खांदा बरा झाला की सगळं जागेवर येईल. आणि बरा व्हायलाच हवा होता. त्या टेबलापलीकडे त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. हात गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की त्या दोघांना विचारतं कोण?

म्हणून तिने शेकाचा ध्यासच घेतला. संध्याकाळी खिडकीची फळी पाडली की तो बनियन काढून स्टुलावर पाठमोरा बसायचा. ती खांद्याला तेल चोळायची, मग तव्यावरच्या मिठाची पुरचुंडी बांधायची. पहिल्या दिवशी तिने ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली. चटका बसला, तशी जरा निवू दिली आणि मग त्याच्या खांद्यावर ठेवली.

"थंडच आहे की गं," तो म्हणाला.

"थंड? माझी बोटं भाजली!"

"तुझी बोटं नाजूक. अजून जरा गरम."

"जन्मभर इस्त्री फिरवून माझी बोटं नाजूक? ऐकलं नाही कोणी ते बरं." तिला हसू आलं. पण तिने मीठ पुन्हा तव्यावर टाकलं. तापाचं तो बघणार, हे तिच्या हाडात इतकं मुरलं होतं की स्वतःच्या मनगटापेक्षा तिला त्याचा शब्द खरा वाटला. दुसऱ्या संध्याकाळपासून तिने मनगटाला लावून बघणंच सोडून दिलं.

ताई मधूनच यायची, नवीन फर्मान सोडून जायची. ओवा झाला, हळद झाली, एरंडाची पानं झाली. घराला वैद्याच्या दुकानाचा वास यायला लागला. भिंतीवर त्याच्या तेलकट बोटांचे ठसे हळूहळू वर सरकत होते, आणि स्वयंपाक करता करता ती त्या ठशांकडे बघून खूश व्हायची. ठणका काही जात नव्हता. पण हात वर जातोय ना, मग ठणकाही जाईल, असं ती स्वतःची समजूत घालायची.

इस्त्रीची कल्पना त्याचीच.

"मिठात काय दम आहे?" तो एका संध्याकाळी म्हणाला. "ओला टॉवेल टाक खांद्यावर आणि वरून इस्त्रीची वाफ दे. लोकरीच्या कोटाला देतो तशी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माणूस आहात, कोट नाही."

"ताप मी बघतो ना."

त्याने खटका चालू केला, थोडं थांबून बंद केला. हाताची पाठ बुडाजवळ नेली, नेहमीसारखी मान तिरकी करून, आणि म्हणाला, "झाली."

तिने टॉवेल ओला केला, पिळला, चौपदरी घडी करून खांद्यावर ठेवला. इस्त्री टेकवली तसा चर्र आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. ती दचकली, पण तो हलला नाही. तिने इस्त्री उचलली, पुन्हा टेकवली.

"कळतंय?"

"हं. अजून जरा."

"आता?"

"थांबू नकोस."

त्याने डोळे मिटले होते. कपाळावर आठी होती, काहीतरी नीट ऐकत असल्यासारखी. तिला वाटलं, आराम पडतोय. तिने टॉवेल सुकेपर्यंत वाफ दिली, आणि मनातल्या मनात ताईपेक्षा आपल्याला जास्त कळतं म्हणून जराशी फुशारलीही.

सकाळी तो चहा पीत होता. ती मागून गेली तर बनियन खांद्यापाशी ओला दिसला. तिने कापड बोटांनी सोडवायला घेतलं. ते सुटेना, म्हणून जरा ओढलं, आणि कापडाबरोबर कातडीही आली. खाली लालभडक मांस होतं.

"काय गं? ओढतेस कशाला?" तो म्हणाला आणि त्याने चहाचा पुढचा घोट घेतला.

"दुखत नाही तुम्हाला?"

"दुखतोय की. नेहमीसारखा, आतून."

त्या दिवशी तिने ताईला विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. त्याच्या अंगावर सदरा नुसता टाकला आणि त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम बांधली, आणि मग त्याला डोळे मिटायला सांगितलं. काचेच्या दोन नळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. आधी एक हाताला लावली, मग दुसरी.

"गरम की थंड?"

"गरम," तो म्हणाला. ती थंड होती.

"आणि ही?"

तो घुटमळला. "थंड." ती गरम होती. मग बाई खांद्याला नळ्या लावत गेल्या आणि तो अंदाज ठोकत गेला. चाचणीला बसलेल्या पोरासारखा त्याला घाम फुटला. बायको समोर उभी राहून सगळं बघत होती, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. शेवटी बाईंनी कापसाचा बोळा फिरवला. तो मात्र त्याला प्रत्येक वेळी बरोबर कळला.

पुढे मानेचे फोटो निघाले, आणि बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. मानेच्या मणक्यातून जी मज्जेची दोरी जाते, तिच्या आत पाणी साचून पोकळी झाली होती. शिवलेलं कळतं, गरम-थंड कळत नाही. खांद्याचा ठणकाही तिथलाच.

"शेकामुळे झालं का हे?" तिने विचारलं.

"नाही. शेक, तेल, हात हलवणं, खांदा नुसता आखडला असेल तर यात वाईट काही नाही. पण हा नुसता आखडलेला खांदा नव्हता." बाईंनी फोटो पाकिटात घातले. "ऑपरेशन करू. आहे तिथे थांबेल, अशी आशा आहे. गेलेलं बहुतेक परत येत नाही. हाताची ताकदही कमी होईल. आणि इस्त्रीचं काम आता यांनी करायचं नाही."

बाहेर बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले. समोरून माणसं जात होती, येत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो हाताच्या पाठीकडे बघत होता. "मास्तरांच्या शर्टाच्या आधीपासून."

"आणि मी विजेला शिव्या घालत होते! तोंडात मूग धरून बसलात?" तिचा आवाज चढला, जाणाऱ्यांनी वळून पाहिलं. "बरं, ताप कळत नव्हता, तर अजून गरम, अजून गरम कशाला म्हणत होतात?"

त्याने हाताची पाठ दुसऱ्या हाताच्या बोटांनी चोळली.

"वाटायचं, कुठेतरी लागेल," तो म्हणाला. "अजून थोडं तापवलं तर कळेल. एकदा जरी चटका बसला असता ना, तरी मी म्हटलं असतं, चला, आहे अजून."

तिला इतका राग आला की त्याचा दंड धरून गदागदा हलवावंसं वाटलं. इतक्या संध्याकाळी ती जीव ओतून शेक देत होती, आणि हा माणूस तिच्या हातून स्वतःला भाजून बघत होता.

"आणि ते माझ्याकडून करून घेतलंत."

"दुसऱ्या कोणाकडे पाठ करून बसणार होतो मी?"

तिला रडू आलं, ते तिने तिथेच, सगळ्यांसमोर रडून घेतलं.

ताई एरंडाची पानं घेऊन आली तेव्हा खांद्यावरचं बँडेज बघून दारातच थबकली. सगळं ऐकून घेतलं, मग पानं पदराखाली झाकली आणि एकही उपाय न सांगता घरी गेली.

ऑपरेशनची तारीख लांबची होती. तोवर दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं. तिने खिडकी उघडली, आणि तो टेबलाशी स्टूल ओढून बसला. कामाला हात लावणार नाही, नुसता बसेन, म्हणाला. पहिलेच मास्तर आले. हातात पांढरा शर्ट, आत्ताच घालून जायचा होता.

"काय कडक, खांदा काय म्हणतो?"

"झकास!" तो म्हणाला. "घरच्या उपायांनीच पळाला."

मास्तर खिडकीला टेकून उभे राहिले. तिने शर्ट पसरला, कॉलर सरळ केली, पाणी शिंपडलं. तेवढ्यात सवयीने त्याचा हात पुढे गेला. हाताची पाठ इस्त्रीच्या बुडाजवळ, मान तिरकी.

"झाली," तो म्हणाला. "फिरव."

तिने इस्त्री उचलली आणि उचलतानाच तिला कळलं. बुडाकडून हाताला काहीच धग येत नव्हती. खटका चालू करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

तो तिच्याकडे बघत होता. मास्तरही बघत होते.

"चांगली तापलीय," ती म्हणाली. इस्त्री तिने कॉलरवर टेकवली, पाठीमागे डावा हात नेऊन भिंतीवरचा खटका हळूच खाली केला, आणि तापेपर्यंत ती थंड इस्त्री दाबून दाबून फिरवत राहिली.